राजाला आडवं केलं

साल दोन हजार एकोणीस, तेव्हा मी एकाहत्तरचा. त्या साली पोरानं घरात भिंतीएवढा टीव्ही लावला आणि शेजारचे शिवप्पा रोज येऊन त्याच्यावर ओरडायला लागले.

ओरडायचे एकाच सिनेमावर. जुन्या मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाचा होता, हिंदीत बोलणारा. लय खर्च केलेला. सोन्याचे रथ, हजारो माणसं दगड ओढायलेत, राणीच्या गळ्यात पायलीभर दागिने. महिन्यातून दोनदा तरी लागायचा. लढाई चालू असली की शिवप्पा खाली बघून तंबाखू मळत. राजा मेला की मात्र सरसावून बसत.

"आडवा केला! बापू, बघा, पुन्ना आडवा केला!"

जसं काही या खेपेला नीट बसवणार होते.

शिवप्पांच्या लोकांत मयत जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, विभूती-बेल वाहतात आणि माती देतात. तसा खड्डा काढण्यात शिवप्पांचा हात धरणारा कोणी नव्हता. देवगाव फाट्यापासून चारठाण्यापर्यंत बोलावणं यायचं.

"जिंदगीभर तख्तावर बसला अन् मेल्यावर पाडला आडवा. एवढा डोंगर रचला, पन मानसाला मांडी घालायची सोय न्हाई. मिस्त्रीच कच्चा!"

माझी बायको म्हणायची, "अप्पा, दमला असंल राजा."

"वैनी, दमायला त्यानं काय दगड वढले?"

मीही सोडायचो नाही. म्हणायचो, "आमच्यात जाळतात. कटकटच नाही."

"तुमचं येगळं हाय. तुमाला बसायचं कुटंय? तुमाला उडून जायची घाई."

एका दुपारी राजा मेला तरी शिवप्पा गप्प. मला वाटलं, डोळा लागला. मी टीव्ही बंद केला.

"बापू," ते म्हणाले, "परवा जिंतूरकडं एका मयताला गेलतो. मी पोचायच्या आदीच पोरांनी मशीन आनून लांबट चर काढला. म्हातारीला झोपवली त्याच्यात. म्हनले, अप्पा, लवकर उरकलं."

मी रिमोट बाजूला ठेवला.

"माझंबी तसंच करतील. पोटी कोन न्हाई. बायकूला, पारूला, मी माझ्या हातानं बसवलीय. तिच्या शेजारी मी आडवा पडलो तर? म्हनंल, आला अन् लागला घोरायला."

हसावं का, मला कळेना.

"खड्डा नऊ पावलं लांब, पाच रुंद, अन् आत बसायला कोनाडा. ज्याला बसवायचं त्याच्याच पावलाच्या लांबीनं मापायचं. कोनी एकानं शिकून घेतलं तरी बास हाय."

मी चौथीत शाळा सोडली. त्यानंतर कोणाच्या हाताखाली काही शिकलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मसणवाटेतल्या कामाला तर आमच्या घरात कोणी कधी हात लावलेला नाही. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. शिवप्पा "बरं" म्हणाले, धोतर झटकलं आणि गेले. चहासुद्धा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतळी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "पाय पुढं करा."