सरासरी चार हंडे

समता आणण्याचा सरासरीइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. कुणाकडून काही काढून घ्यावं लागत नाही, कुणाला काही द्यावं लागत नाही. बेरीज करायची, भागायचं, की झाले सगळे सारखे. शहापूरकडच्या एका कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलावर बसून मी सात वर्षं ही समता आणली आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

१९९८च्या एप्रिलात आमच्याकडे टँकर एक आणि मागणाऱ्या वस्त्या दोन होत्या. एक शेणव्याच्या पलीकडचा, डोंगरातला दहा घरांचा पाडा. दुसरी धरणावरची कर्मचारी वसाहत. आमच्याकडे माणसं कमी, म्हणून पाहणी सातवीच्या पोरांवर सोपवली. (अभ्यासक्रमात सांख्यिकी होती, मानधन नव्हतं.) पक्षपात नको म्हणून वसाहतीतली पोरं पाड्यावर पाठवली, पाड्यावरची वसाहतीत. दोन्हीकडे दहा-दहा घरं आणि प्रश्न एकच: रोज किती हंडे पाणी मिळतं?

वसाहतीचे आकडे एकापासून दहापर्यंत आले. आंघोळीचं, कपड्यांचं आणि गुलाबांचं पाणी कुणी धरलंच नव्हतं, कारण ते नळाचं. सरासरी चार. पाड्यावर दहाही घरांनी चार-चार हंडे सांगितले. सरासरी तिथंही चारच.

बरोबरी झाली तेव्हा साहेबांनी सातवीचं पुस्तक मागवलं. त्यात विस्तार दिला होता, म्हणजे सगळ्यांत मोठ्या आकड्यातून सगळ्यांत लहान वजा. वसाहतीचा विस्तार नऊ, पाड्याचा शून्य. मी टिपणी मांडली: "सदर पाड्याचा पाणीपुरवठा कमालीचा स्थिर असून वसाहतीतील रहिवासी चिंताजनक चढउतारास तोंड देत आहेत. सबब टँकर वसाहतीस द्यावा." इतकी देखणी टिपणी माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

पण सातवीचे भगीरथ गुरुजी भलतेच खोडकर गृहस्थ. त्यांनी दोन्ही याद्या फळ्यावर लिहिल्या आणि म्हणाले, "दहा घरांत दहादा चार? पोरांनो, हे मोजलेलं नाय. हे सांगितलेलं हाय."

पाड्यावरची ठकी खाली मान घालून बसली होती. शेवटी तिनं सांगून टाकलं, की दारात येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याला घरात पाणी नाय असं सांगायचं नसतं. चार हा आकडा बायांनी विहिरीवरच ठरवला होता. (ठरवायला वेळ पुष्कळ, एक हंडा भरायला तास लागायचा.)

दुसऱ्या दिवशी ठकीनं कुणाला काही विचारलं नाही. घरोघर जाऊन झाकणं उचलली आणि हंड्यांत काठी बुडवून पाहिली. सरासरी अर्धा हंडा, विस्तार एक. तो कागद घेऊन ती तीन कोस चालत कचेरीत आली. आईला आता एकटीला खेपा जमत नाहीत, टँकर आला नाही तर माझी शाळा सुटेल, एवढंच तिनं साहेबांना सांगितलं.

साहेब न्यायी. हुकूम टाइप झाला होता, तरी प्रत्यक्ष पडताळणीला निघाले. भर दुपारी चढ चढून आम्ही धापा टाकत पहिल्या घरी पोचलो, ते नेमकं ठकीचं. तिची आई लहानी पुढं आली आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत पितळेचा तांब्या समोर धरला. साहेब प्याले. आणखी एक मागितला, तोही आला. मीही प्यायलो. माझ्या तांब्याच्या वेळी आत हंडा पार उपडा केल्याचा आवाज झाला, पण आवाजासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मग साहेबांनी विचारलं, "बाई, पाणी पुरतं का?"

ठकी हळूच म्हणाली, "आये, सांग ना गो."

लहानीनं पदर नीट केला. "हाय ना, साहेब. भरपूर हाय."

पाहणीवेळी तीन तांबे साठा आढळला, असा शेरा मी मारला. टँकर वसाहतीत गेला. गुलाब त्या वर्षी चांगले आले. ठकी जूनपासून शाळेत आली नाही. (शाळेची सरासरी हजेरी ढळली नाही.)

आपणही कधी या बाजूला डोंगर चढायला आला असाल. एखाद्या दारात थांबून पाणी मागितलं असेल, गार आहे हो, असं कौतुकही केलं असेल. मिळालं होतं ना? आपली साक्ष आम्ही त्याच फायलीला लावली आहे.