घोंगे साहेबांची हजेरी

वैजयंता खांडेझोडचे प्रतिबिंब कामावर सतत उशिरा येत असल्यामुळे कंपनीने तिला काढून टाकले.

ती स्वतः वेळेवर यायची. पण औषधाच्या बाटल्या भरायच्या खोलीबाहेर मोठा आरसा होता, आणि त्यात टोपी-मास्क नीट बघितल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. वैजयंता समोर उभी राही आणि आरशात नुसती मागची भिंत दिसे. बऱ्याच वेळाने प्रतिबिंब धापा टाकत येई. तोवर तिचे मशीन बंद.

चौकशीत तिने काही नाकारले नाही. "सांगून बघितलं," ती म्हणाली. "ऐकत नाही ते."

नोकरी गेली आणि घरच्या आरशातही ती दिसेनाशी झाली. मुलगी तिच्या कपाळाला टिकली लावून देई. घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालत होते, त्यामुळे तिला आरशापेक्षा चुलीची काळजी जास्त होती.

एका संध्याकाळी तिच्याच खात्यातली शेवंता आली आणि कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसली.

"तू तर रोज येतेस," शेवंता म्हणाली. "आरशात. आता सगळ्यांच्या आधी."

"मला काढलंय."

"तुला काढलंय. त्याला कुणी सांगितलंच नसेल. आणि घोंगे साहेब होळीपासून आरशात दिसतच नाहीत, त्यांना कुणी काही बोललं का?"

घोंगे हे सुपरवायझर. वैजयंताची तक्रार त्यांनीच केली होती.

तिने कामगार न्यायालयात दाद मागितली. तिच्या वकील देवळीकर मॅडम यांनी तिथे आरसा आणवला आणि घोंगेंना त्याच्यासमोर उभे केले. आरशात फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा दिसत होता.

"तुमचं प्रतिबिंब कुठे आहे?"

"रजेवर."

"कुणी मंजूर केली?"

"मीच."

"त्याने रजा मागितली होती?"

घोंगे आरशाकडे बघत राहिले. "ते माझ्याशी बोलत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"कंपनीने तुमच्यावर काय कारवाई केली?"

"तोंडी समज दिली."

न्यायाधीशांनी निकाल दिला. चूक एकच असताना एकाला समज आणि दुसरीची नोकरी जावी, हे चालणार नाही. वैजयंताला परत घ्यावे. काढल्यानंतरही प्रतिबिंब रोज हजर असल्याने तिची सेवा अखंड धरावी. यापुढे माणूस आणि प्रतिबिंब यांपैकी एक जरी आले, तरी कर्मचारी हजर समजावा, आणि हा नियम सर्वांना सारखा लागू राहील.

सोमवारी वैजयंता आरशासमोर उभी राहिली. प्रतिबिंब आधीच टोपी घालून तयार होते. कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो वाळला होता. तिने गालाला हात लावला.

मग तिला दिसले की प्रतिबिंबाच्या मागे घोंगे साहेब उभे आहेत. तिने वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"साहेब आले नाहीत?" तिने शेवंताला विचारले.

"निकालापासून नाहीत. घरीही नाहीत. परवा त्यांची बायको विचारायला आली होती. तिला आरशासमोर नेलं."

"मग?"

"बराच वेळ उभी राहिली. डबा ठेवून गेली."

आरशातल्या घोंगेंनी मनगटावरचे घड्याळ बघितले आणि आत चला अशी हाताने खूण केली.

"हो साहेब," वैजयंता म्हणाली, आणि आत गेली.