वाढत्या अंगाचा इशारा

काटेसावरीच्या हवामान कचेरीत दर वादळाला चार-पाच दिवस आधी येऊन आपला धोका मोजून घ्यावा लागे. पिवळा, नारिंगी की लाल, ते तिथं ठरे, आणि मिळालेल्या रंगाला वादळानं कमी पडायचं नाही, असा नियम होता. जास्त झालं तर मात्र बोलणी कचेरीनं खायची.

मोजणीचं काम मधुसूदन टिळेकरांकडे होतं. माणूस मनानं वाईट नव्हता, पण लोकांच्या बोलण्याला फार भ्यायचा. एकदा एका पिवळ्या वादळानं वाटेत अंग धरलं आणि बाजारातले पत्रे उडवले. तेव्हापासून भाजीवालीसुद्धा त्यांना ‘या, पिवळेसाहेब’ म्हणायची आणि तेव्हापासूनच टिळेकर एक रंग चढा देत. आईबाप शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसं.

वैशाखात एक धाकटं वादळ आलं. बाकावर बसलं तर पाय जमिनीला पोचेनात.

“गडगडून दाखव बरं,” टिळेकर म्हणाले.

त्यानं दाखवलं. खिडकीची काच जेमतेम थरथरली. कचेरी झाडणाऱ्या गिरिजाबाईला हसू आलं.

“एवढंसं तर हाय, सायेब. पिवळा बी सैल व्हईल त्याला.”

“वाटेत कुठल्या कुठं वाढतात ही पोरं. उद्या काही झालं तर माझ्या वतीनं बोलणी खायला तुम्ही येणार का?” टिळेकर वादळाकडे वळले. “नारिंगी झेपेल ना?”

“झेपेल,” ते म्हणालं. “लाल नाही का मिळणार?”

ठरल्या दिवशी ते आलं आणि नारिंगीला कमी पडलं नाही. फांद्या मोडल्या, विजा पाडल्या, गारा तर कुठून आणल्या कुणास ठाऊक. गावाच्या पलीकडच्या वेशीपाशी पोचेपर्यंत त्याच्यातलं सगळं संपलं. त्याला समुद्रापर्यंत जायचं होतं. गिरिजाबाईनं माळावर जाऊन पाहिलं, तर मूठभर गार वारा तेवढा पडला होता. उन्हं वर आल्यावर तोही राहिला नाही.

“अंदाज अगदी बरोबर, साहेब!” लोक म्हणाले. टिळेकरांना बरं वाटलं. बरं वाटल्याची पुढं फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात एक थोरलं वादळ मोजणीला आलं. पोक्त बाईमाणूस, दारातून वाकून आत आली. मोजण्यासारखं काही नव्हतंच. टिळेकरांनी लाल दिला आणि कचेरीवर लाल बावटा चढवला.

निघताना तिनं विचारलं, “आमचं धाकटं इथनंच गेलं आसंल. कुठवर पोचलं म्हनायचं?”

टिळेकरांनी सांगितलं. नारिंगी कुणी दिला, तेही सांगितलं.

ती बाकावर बसून राहिली. गिरिजाबाईनं पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. मग उठून म्हणाली, “घरातलं कुनी गेलं की आमच्यात वरीसभर गरजत न्हाईत, सायेब. बावटा उतरवा. म्या काय यायची न्हाई.”

टिळेकरांनी बावटा उतरवला नाही. धाकट्याच्या वेळी चुकवलेली बोलणी त्यांना आता खायची होती.

ठरल्या दिवशी लोकांनी पत्र्यांवर दगड ठेवले, गुरं आत बांधली, पाटलांकडचं लग्न पुढं ढकललं. आभाळ निरभ्र राहिलं. संध्याकाळी सगळं गाव कचेरीपुढं जमलं आणि तोंडाला येईल ते बोललं. भाजीवाली सगळ्यांत जास्त बोलली.

टिळेकर दारात उभं राहून ऐकत होते. लोक पांगायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, “आणखी कुणाचं राहिलंय का?”