बीटी : चार

माणूस बोलतो म्हणून तो माणूस, आणि योग्य वेळी बोलत नाही म्हणून तो कर्मचारी. वरिष्ठांना हे उशिरा कळलं. ऑपरेशन चालू असताना काही चुकतंय असं दिसलं, तर कोणीही डॉक्टरांना निर्भयपणे टोकावं, यासाठी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. (पहिला दिवस उद्घाटनात गेला, तिसरा समारोपात. दुसऱ्या दिवशी बाजार होता.)

टोकण्याच्या चार पायऱ्या ठरल्या. एक, घसा खाकरणे. दोन, 'साहेब, एक विचारू का?' असं विचारून परवानगीची वाट पाहणे. तीन, 'विनंती थांबा' म्हणणे. नुसतं 'थांबा' हुकमासारखं वाटतं म्हणून वगळलं. (शब्द धाड गावच्या रस्त्यावरच्या एसटीच्या पाटीवरून घेतले. तिथंही थांबायचं की नाही हे ड्रायव्हरच ठरवतो.) पायऱ्यांचा फलक ऑपरेशन थिएटरात डॉक्टरांच्या पाठीमागे लावला. परीक्षेत शंभर टक्के कर्मचारी निर्भय निघाले. त्यातल्या एकोणीस जणांनी शेजाऱ्याचं पाहून तसं लिहिलं होतं.

पुढच्याच सोमवारी बीबी गावच्या सोजराबाई पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी आल्या. ऑपरेशनआधी 'बीटी' बघतात, म्हणजे बोटाला टोचून रक्त किती मिनिटांत थांबतं ते. चार-पाच मिनिटं लागली की काळजी नसते. दाखल करताना मी, म्हणजे नोंदणीचा कारकून, त्यांच्या यजमानांना विचारलं, "निवृत्तीभाऊ, बीटी किती?"

"चार," ते म्हणाले. "यंदा दुसरं काईच नाई लावलं."

बीटी कपाशीचे ते दिवस. त्यांनी एकरात सांगितलं, मी मिनिटांत लिहिलं. आकडा उत्तम होता.

शेजारी उभ्या महेजबीन सिस्टरला तेव्हा हसू आलं होतं. मी कागद दुरुस्त करीन, असं तिला वाटलं. टेबलावर सोजराबाई आडव्या झाल्यावर तिला तोच कागद दिसला. आकडा तसाच होता.

तिने घसा खाकरला.

"सर्दी झाली का?" डॉ. रमाकांत म्हणाले.

"साहेब, एक विचारू का?"

"नंतर." त्यांनी सुरी उचलली.

"विनंती थांबा," ती मास्कच्या आत म्हणाली. (उच्चार निर्दोष होता.)

डॉक्टर थांबले नाहीत. पण भूल कमरेखालची होती. या भुलीत तोंड शाबूत राहतं, ही तिची मोठी उणीव.

"अवो डाक्टर," सोजराबाई म्हणाल्या, "पोरगी मघापासून काई सांगून राह्यली. तिचं आयका ना. थांबा."

सुरी हवेतच राहिली.

"साहेब, ते चार एकर हाय," सिस्टर म्हणाली. "कापूस."

खरी तपासणी झाली. सतरा मिनिटं. सोजराबाई गाठीसकट, पण जिवंत, मोठ्या दवाखान्यात गेल्या आणि पूर्ण तयारीनिशी ऑपरेशन होऊन घरी परतल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच पत्रं टाईप केली. वगळलेला शब्द विनाप्रशिक्षण वापरल्याबद्दल सोजराबाईंकडून खुलासा मागवला आणि सिस्टरला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. येऊ द्या. पण वर मी पायऱ्या चार म्हणालो आणि तीनच सांगितल्या. तुमच्या ते तिथंच लक्षात आलं होतं. छापलेलं आहे, लिहिणाऱ्याला माहीत असेल, आपण कशाला बोला, म्हणून तुम्ही पुढे वाचत राहिलात. प्रशिक्षण न घेता पास झालात. प्रमाणपत्रावर नाव कसं लिहायचं, तेवढं कळवा.