गुणाजी मुंगसाची वेल

बाळांनो, नीट मांडी घालून बसा आणि नाकात बोटं घालू नका. एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. म्हणून तिथे एक संस्था निघाली.

संस्थेचं काम झाडं जपायचं. झाडं जंगलात होतीच, पण ती आपली वाऱ्यावर हलत राहतात, त्यांना शिस्त नाही. संस्था झाड उपटी, कागदांत घाली, दाबून सुकवी आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावी. दाबण्यासाठी हत्तीला अध्यक्ष केलं होतं. तो कागदांवर बसून राही. अध्यक्षाला याहून जास्त काम कुठे असतं? सचिव होते वानरराव. ते चिठ्ठ्या लिहीत.

त्याच जंगलात गुणाजी नावाचा मुंगूस राहायचा. त्याच्या बिळाशेजारी मुंगूसवेल होती. साऱ्या रानात तेवढी एकच उरली होती. साप चावला की मुंगसाने तिचं पान चघळावं, विष उतरे. पान एकच तोडायचं आणि मुळाला नख लावायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत.

एकदा वानरराव बिळाशी आले.

"गुणाजीराव, इतकी दुर्मिळ वेल अशी उघड्यावर? एखादं हरीण खाऊन जाईल."

"मग काय करावं म्हणता?"

"आम्हाला द्या. अमर होईल. चिठ्ठीवर येईल, संग्राहक गुणाजी मुंगूस."

गुणाजीला जन्मात कुणी राव म्हटलं नव्हतं. त्याची छाती फुगली.

"एक फांदी नेली तर?"

"छे. मूळ, पान, फूल, सगळं लागतं. आता फुललीय तोवरच काढायला हवी. बी धरायची वाट पाहिली तर फूल गळेल."

आतून त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, साप काय चिठ्ठी वाचून मागे फिरणार आहे?"

"तुला शास्त्रातलं काय कळतं?" असं म्हणून गुणाजीने स्वतःच वेल मुळासकट उकरली.

हत्ती वेलीवर बसला. वेल सुकली, चिकटली. संस्थेच्या नव्या दालनाचं उद्घाटन नागोबांच्या हस्ते झालं. त्यांनी फीत दाताने कापली. "असे त्यागी मुंगूस घरोघरी निपजोत," असं ते भाषणात म्हणाले, तेव्हा गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बराच वेळ आपल्या चिठ्ठीपुढेच उभा राहिला.

नागोबा मात्र लवकर निघाले. त्यांची वाट गुणाजीच्या बिळावरूनच जात होती.

गुणाजी घरी पोचला तर सगुणा दारात निळी पडली होती. तो तसाच उलटा धावत सुटला.

"वानरराव, एक पान द्या. नागाने सगुणेला दंश केलाय."

"नमुन्याला हात लावता येत नाही हो."

"अर्धं द्या."

"अहो, दिलं असतं. पण कसर लागू नये म्हणून वेलीला विष चोपडलंय. ते खाऊन वहिनी आणखी लवकर जातील."

विष उतरवणाऱ्या वेलीला विष. तिकडे सगुणा गेली. गुणाजी रडला, बाळांनो, खरंच रडला. बायकोवर त्याचा जीव होता, यात खोटं काही नाही.

वानररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "प्राण्यांचंही दालन काढतोय आम्ही. त्यात मुंगूस नाही. वहिनींना पेंढा भरून ठेवू. कायमच्या राहतील."

गुणाजीने डोळे पुसले. मग त्याने हळूच विचारलं, "चिठ्ठीवर नाव माझंच येईल ना?"

तात्पर्य : जिवंत वस्तूचा काही भरवसा नसतो. जे मोलाचं आहे ते वेळीच मारून ठेवावं, म्हणजे ते जपलं जातं. आपल्या नावाची चिठ्ठी तेवढी घट्ट चिकटली आहे ना, हे मात्र स्वतः जाऊन पाहावं.