नारळ, पोरगी आणि चार्जर

"चार्जर काढून ठेवला मी घरी," कुलदीपची आई लीलाबाई सहज म्हणाल्या, तेव्हा गाडीने मूर्तिजापूर मागे टाकले होते.

कुलदीप मागच्या सीटवर ताठ झाला. "काऊन?"

"लॅपटॉपच्या बॅगेतून नाही काढला तं ओटीचं सामान कुठी ठेवू मंग? साडी चुरगळली असती त्या वायरीनं. आन् तूच तं म्हणतं, दिवसभर चालते म्हणून."

म्हणत होता खरा. कुलदीप पुण्याच्या कंपनीत नोकरीला होता आणि काम अमरावतीच्या फ्लॅटमध्ये बसून करायचा. दिवाळीत त्याने इतका महागाचा लॅपटॉप घेतला की परतवाड्याला संत्र्याच्या बागेत उभ्या असलेल्या देवीदासरावांनी किंमत ऐकून फोनच ठेवला. बापाची समजूत काढायला त्याने जाहिरातीतले वाक्य जसेच्या तसे ऐकवले: एकदा चार्ज केला की दिवसभर बघायचं काम नाही. देवीदासराव एकदम विरघळले. ज्याच्या बागेतल्या मोटारीला लाइट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्याला असल्या वस्तूचा आदर वाटणारच. त्यांनी ती बातमी मंडईपासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत पोचवली.

प्रत्यक्षात तो लॅपटॉप दोन तासांत मान टाकायचा. कुलदीप सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडलाही. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले, उजेड कमी ठेवा, वायफाय लागेल तेवढेच लावा, व्हिडिओ पाहू नका, जास्त खिडक्या उघडू नका. थोडक्यात, लॅपटॉप बंद ठेवला तर बॅटरी उत्तम टिकत होती. आता हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि आकांक्षाला तर मुळीच सांगायची सोय नव्हती, कारण तिला फोनवर त्याने बापापेक्षाही रंगवून सांगितले होते.

आकांक्षा ही बार्शीटाकळीच्या महादेवरावांची मुलगी. अकोल्याच्या एका क्लाससाठी ती घरूनच ऑनलाइन जीवशास्त्र शिकवायची. पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पसंत केले होते, मग फोन सुरू झाले, आणि कुलदीपची अवस्था अशी झाली की ती फोनवर हसली की आपण काय सांगत होतो हेच तो विसरायचा. त्याला ती फार आवडली होती. घोडे अडले होते ते महादेवरावांपाशी.

"घरीच बसते तं नोकरी कशाची?" हा त्यांचा प्रश्न होता. पोरगी घरून शिकवते ते त्यांना समजत होते, कारण तिच्यासमोर पोरे दिसत होती. पण हा करतो काय? मध्यस्थ पुंजाजींनी चौकशी करून सांगितले की पोरगा प्रोग्राममधल्या चुका शोधतो. "चुका काढाचा पगार भेटते?" महादेवराव म्हणाले. "मंग आमच्या घरात आतापरेंत बंगले उभे राहिले असते." आणि त्यांनी बायकोकडे, गोदाबाईंकडे पाहिले. गोदाबाईंनी तेव्हाही एक चूक काढली; पाहुण्यांसमोर असे बोलू नये, म्हणाल्या.

शेवटी ठरले ते असे: कामाच्या दिवशीच बैठक घ्यायची. पोराने आमच्या डोळ्यांदेखत ऑफिस करून दाखवायचे, तेही लॅपटॉपवर, कारण मोबाईल काय, गावातले सारेच पाहत बसतात. मन भरले तर तिथल्या तिथे सुपारी फोडायची. कुलदीपची मीटिंग दुपारी बाराला होती. देवीदासरावांनी आपल्या बाजूने आधीच जाहीर केले होते, "आमाले काही नाही पाहिजे. फक्त नारळ आन् पोरगी."

कुलदीपने गाडीतच मनाशी हिशेब केला. बारापर्यंत झाकण उघडायचेच नाही. मीटिंग अर्ध्या तासाची. निभते.

पण बार्शीटाकळीला पोचल्यावर पाणी पिऊन ग्लास खाली ठेवतो न ठेवतो तोच महादेवराव म्हणाले, "तो लॅपटॉप पाहू तं द्या."

"बारा वाजता लावतो नं, बाबूजी."

"अबे लाव नं आताच!" देवीदासराव गरजले. "दिवसभर चालते तो. पाहू दे त्यायले."

लॅपटॉप उघडला गेला. ओसरीवर ऊन होते, त्यामुळे महादेवरावांना काही दिसेना. "उजेड वाढवा," ते म्हणाले. उजेड वाढला. शेजारचे डोमाजी खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुसत येऊन बसले. त्यांनी कुठेतरी ऐकले होते की यात वरून आपले वावर, म्हणजे शेत, दिसते. कुलदीपने आकाशातून काढलेला नकाशा लावला. डोमाजींनी आपले वावर शोधले, विहीर शोधली, विहिरीवरचा लिंब शोधला. मग महादेवरावांना आपले वावर पाहायचे झाले. ते शेजारीच निघाले, आणि तिथेच घात झाला.

"हा धुरा पाह्य," महादेवराव पडद्यावर दोन्ही शेतांमधल्या बांधावर बोट टेकवत म्हणाले. "मी इतके वर्सं काय सांगून राहिलो? तुनं इकडं सरकवला."

"मी? लहान करून पाह्य जरा. नाही, मोठं कर. पोरा, मोठं कर रे!"

कुलदीप मोठे करत होता, लहान करत होता. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा मात्र मोठा व्हायचे नाव घेत नव्हता. तो कधी घड्याळाकडे बघायचा, कधी आकड्याकडे, कधी आतल्या खोलीच्या पडद्याकडे. त्याला मांडी घालून बसवेना, गुडघा आपोआप हलायला लागला. लीलाबाईंनी तो हाताने दाबून धरला. पोहे आले. पोह्यांवरही धुरा चालूच होता. अखेर डोमाजी "तलाठ्याले बोलावतो" म्हणत उठून गेले तेव्हा बाराला वीस मिनिटे होती आणि बॅटरीचे चिन्ह लाल झाले होते.

आता चार्जर मिळवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. साधी गोष्ट होती, मोठ्याने विचारायचे. पण बैठकीत वराने तोंड उघडायचे नसते. त्याला पाणी लागले तरी ते कोणीतरी दुसऱ्याने मागायचे. शिवाय बापासमोर विचारणार कसे? कुलदीपने पुंजाजींना अंगणात नेले.

"मामा, आत जाऊन जरा चार्जर भेटते का पाहा नं. आकांक्षापाशी असन. बाबाले सांगू नका."

पुंजाजींनी आयुष्यभर लग्ने जमवली होती आणि त्या कामाचे त्यांचे स्वतःचे शास्त्र होते. "पागल झाला काय? पहिल्या बैठकीत जावई वायर मांगते? तुयी काय इज्जत राहीन? आन् त्यायची काय राहीन? मी बोलतो माया पद्धतीनं."

त्यांच्या पद्धतीत कोणतीही गोष्ट तिच्या नावाने सांगायची नसे. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "वहिनी, पोरगं काही बोलत नाही, तसं लाजाळू आहे. पण त्याच्या लॅपटॉपची काही सोय करता आली तं पाहा. बापाच्या कानावर घालू नका म्हणते."

गोदाबाईंच्या हातातला झारा थांबला. त्यांनी महादेवरावांना मागच्या दाराने बोलावले.

"लॅपटॉप मांगून राहिले ते."

"त्याच्यापाशी आहे नं नवा!"

"तो जुना झाला असन. आन् बापाले सांगू नका म्हणते, म्हणजे बाप वरून नाही म्हणीन आन् पोरगं खालून घेईन. मले तं पयलेच वाटलं होतं, नारळ आन् पोरगी इतक्यावर कोणी थांबते का?"

महादेवराव ओसरीवर परत आले ते तोंड पाडूनच. कुलदीपला वाटले चार्जर आला. त्यांच्या हातात काहीच नव्हते.

"देवीदासराव, तुमी काय म्हणलं होतं? नारळ आन् पोरगी."

"आताबी तेच म्हणतो."

"मंग हा लॅपटॉप कोणाले पाहिजे?"

देवीदासरावांनी पुंजाजींकडे पाहिले. पुंजाजींनी छताकडे पाहिले. "मी मांगितला?" देवीदासरावांचा आवाज चढला. "मी? ज्यानं तीन पोरींचे लग्न केले आन् सुनेच्या बापाकडून सुपारीबी घेणार नाही म्हणून गावात सांगतलं, त्यानं लॅपटॉप मांगितला?"

"तुमी नसन मांगितला. तुमच्या पोरानं मांगितला. तुमच्या मागून."

देवीदासराव उठले. त्यांनी कुलदीपकडे असे पाहिले की लीलाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर पुन्हा ठेवलेला हात काढून घेतला. "चाला," ते म्हणाले आणि पायरीशी जाऊन जोडा घालायला लागले. "आपलं इथं काम नाही."

बारा वाजायला आले होते. गप्प बसले तर आकांक्षा गेली. बोलले तर बाप सगळ्या सोयऱ्यांमध्ये खोटा पडतो. कुलदीपने एकदा आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिले. पडदा हलला, आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "बाबा, मी लॅपटॉप नाही मांगितला! चार्जर मांगितला!"

देवीदासरावांचा एक पाय जोड्यात होता. "चार्जर कायले?"

"बॅटरी उतरली."

"दिवसभर चालते नं?"

"नाही चालत." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पहिल्या दिवसापासून नाही चालत. दोन तास मुश्किलीनं. तुमी बोलसान म्हणून मी सांगतलं नाही. सर्व्हिसवाल्यानंबी हात टेकले."

मंडईत, सोयरिकीत, कुठे कुठे आपण काय काय सांगितले ते देवीदासरावांच्या डोळ्यांपुढून चालले असावे. ते तसेच, एका पायात जोडा घालून, पायरीवर बसले. महादेवरावांच्या अंगात भांडण चढले होते आणि भांडायला काही उरले नव्हते.

पडदा बाजूला झाला. आकांक्षा दारात उभी होती.

"दोन तास?" तिने विचारले.

"हो."

"फोनवर तं मले म्हणत होते, सकाळी लावला की रात्रीपरेंत पाहाचं काम नाही."

"हो."

"पगार जमवून जमवून मी तोच घेतला. तुमच्या भरवशावर." ती आत गेली आणि लॅपटॉप घेऊन बाहेर आली. तोच. रंगसुद्धा तोच. मागे पांढरी वायर जमिनीवरून घसटत येत होती. "हाबी वायर काढली की मरते. मले वाटलं माझ्याच नशिबात खराब पीस आला. तुमाले सांगाची लाज वाटून राहिली होती, तुमी तं इतकी तारीफ करत होते."

"तुनं आमाले कुठी सांगतलं?" महादेवराव म्हणाले. "मी तं गावभर सांगून बसलो, दिवसभर चालते म्हणून!"

देवीदासरावांनी मान वर करून महादेवरावांकडे पाहिले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत जरा आपुलकी होती.

आकांक्षाने वायर काढून कुलदीपपुढे धरली. "घ्या. तुमची मीटिंग आहे."

कुलदीपने हात पुढे केला आणि थांबला. "तुमचा क्लासबी बारालेच असते नं?"

"असते. बारावीचे पोट्टे आहेत. पण राहू द्या. तुमचं आज जास्त अडलं आहे."

हे खरे होते. आज ऑफिस दिसले नाही तर सुपारी नव्हती. कुलदीपने वायर हातात घेतली, तिच्या लॅपटॉपला परत लावली आणि दुसरे टोक पडद्याआडच्या भिंतीकडे दाखवले. "लावा तुमी. पोट्ट्यांची परीक्षा तोंडावर आहे."

ती आत गेली. बारा वाजले. कुलदीपच्या पडद्यावर सात-आठ चेहरे उमटले, महादेवराव चष्मा लावून पुढे सरकले, त्यातल्या एका बाईंनी "कुलदीप, सुरू करतोस का?" एवढे म्हटले, आणि लॅपटॉप काळा पडला. काळ्या काचेत महादेवरावांना आपलाच चेहरा दिसला.

"इतकंच असते ऑफिस?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात कुलदीपचा मोबाईल वाजला. तो उठून अंगणात जायला लागला.

"इथंच बोला," महादेवराव म्हणाले. "मोठ्यानं लावा. आमालेबी ऐकू द्या."

"कुलदीप, हा काय प्रकार आहे?" पुण्याच्या मॅडमचा आवाज ओसरीभर झाला. "क्लायंट समोर बसलाय आणि तू गायब! मागच्या आठवड्यात तुझ्याकडे लाइट गेले तेव्हाही हेच. प्रत्येक वेळी बॅटरी, बॅटरी! तुला घरून काम करायची परवानगी दिली ती आमची चूक झाली. इतका बेजबाबदार माणूस मी टीममध्ये..."

मॅडम थांबायचे नाव घेत नव्हत्या. कुलदीप "हो मॅडम, सॉरी मॅडम" करत खाली खाली बघत होता. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. महादेवराव मात्र कान देऊन, मान डोलवत ऐकत होते.

"नोकरी पक्की आहे," ते हळूच पुंजाजींना म्हणाले. "रिकाम्या माणसाले कोणी इतकं बोलत नाही."

पण मॅडम पुढे कुलदीपच्या संस्कारांवर घसरल्या, तेव्हा महादेवरावांची मान डोलायची थांबली. आपल्या ओसरीवर, आपल्या घरचे पोहे खाऊन बसलेल्या पाहुण्याला तिसऱ्याच कोणी इतके बोलावे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी कुलदीपच्या हातातून मोबाईल घेतला.

"ओ बाई, थांबा जराशा. पोरगं कुठी पळालं नाही. माया घरी आहे. बॅटरी उतरली, त्याच्यात त्याचा काय कसूर? त्याच्यापाशी वायर होती, ती त्यानं आमच्या पोरीले देली, तिचे पोट्टे खोळंबले म्हणून. आन् तुमी त्याचे संस्कार काढून राहिल्या?"

मॅडमनी पलीकडून विचारले, "आपण कोण बोलताय?"

"मी सासरा बोलून राहिलो त्याचा!"

बोलून गेल्यावर महादेवरावांनाच ते ऐकू आले. त्यांनी गोदाबाईंकडे पाहिले. गोदाबाईंना यात काढण्यासारखी चूक सापडली नाही. पायरीवरच्या देवीदासरावांनी पायातला जोडा हळूच काढून ठेवला. पुंजाजी "मी म्हणलंच होतं" असे काहीतरी सुरू करत होते, तोच लीलाबाईंनी त्यांना हाताने गप्प केले, कारण आतून आवाज येत होता.

महादेवरावांचे बोलणे पडदा ओलांडून आत गेले होते, आणि आकांक्षाचा माइक चालू होता.

"मॅडम," कोणीतरी बारावीतला पोरगा विचारत होता, "मंग आपल्याले सुट्टी कधी?"

ओसरीवर सगळ्यांनी पडद्याकडे कान लावले. कुलदीपने तर जास्तच.

"तारीख ठरली की सांगते," आकांक्षा म्हणाली. "आता वही काढा."