दहात नऊ भाग पाणी

"केमिस्ट्री म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

हे वाक्य मी भाचीसमोर ठणकावून सांगितलं तेव्हा माझी बायको जांभळा कोबी चिरत होती. तिची सुरी मध्येच थांबली. ती फक्त "हं" म्हणाली. त्या "हं"कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

तसा मी टायर विकतो. पण कॉलेजात केमिस्ट्री घेतली होती, आणि टायरच्या धंद्यात तिला कुणी हात न लावल्यामुळे ती माझ्याकडे कोरी करकरीत शिल्लक होती.

भाची मात्र रडकुंडीला आली होती. तिला मी खारूताई म्हणतो, कारण ती पेन्सिली कुरतडते. दुसऱ्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं, आणि शाळेतल्या सराव परीक्षेत टायट्रेशनच्या गणितात तिने सपशेल आपटी खाल्ली होती.

"मामा, उद्या पुन्हा चुकलं तर मी नापास! आई म्हणाली, मामाकडे जा, तो हुशार आहे."

"असं म्हणाली ताई?"

"म्हणजे, आधी हसली. मग म्हणाली."

ते हसणं मी सोडून दिलं. "वाचून काय होतंय? करून बघू!" मी बाह्या सरसावल्या. प्रकार अगदी सोपा. आम्लात थेंब थेंब सोडा सोडायचा, रंग बदलला की थांबायचं आणि सोडा किती लागला त्यावरून आम्ल किती कडक ते काढायचं. आम्ल म्हणून घरातलं व्हिनेगर घेतलं. खायचा सोडा मापून पाण्यात विरघळवला. रंगासाठी बायकोचा कोबी पळवून उकळला. थेंब सोडायला औषधाची बिनसुईची सिरिंज!

"मामा, मॅडम म्हणतात व्हिनेगर आधी पातळ करायचं. एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी. नाहीतर सोडा पुरत नाही."

"मला शिकवतेस?" म्हणत मी स्वतःच्या हाताने नऊ भाग पाणी ओतलं. व्यवस्थित मापून!

मग त्यातलं थोडं पेल्यात मापून घेतलं, कोबीचं पाणी घातलं. झकास गुलाबी! सोड्याचे थेंब पडू लागले. फस्स, फस्स! आणि बघता बघता गुलाबीचं निळं! खारूताईने टाळ्या पिटल्या. माझी छाती टायरसारखी फुगली. मी झरझर गणित मांडलं, खाली दोन रेघा मारल्या आणि उत्तर बघून ताडकन उठलो.

"अर्धा टक्का! बाटलीवर छापलंय पाच टक्के, आणि आत आम्ल अर्धा टक्का! दहात नऊ भाग पाणी! लूट आहे ही!"

"मामा, आपलंच काही चुकलं असेल."

"गणित खोटं बोलत नाही. दुकानदार बोलतो!"

"अहो," बायको म्हणाली, "त्याच बाटलीचं झाकण उघडताना काल माझे डोळे चुरचुरले."

"मनाचे खेळ!" मी चपला घातल्या आणि खारूताईला घेऊन निघालो.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आम्ही सगळे काटेकोर काका म्हणतो. वजन करताना डाळीचा एक दाणा जास्त झाला तर काढतील, कमी पडला तर घालतील, असा माणूस. दुकानात ही गर्दी! मी बाटली गल्ल्यावर आपटली आणि गिऱ्हाइकांच्या देखत अर्ध्या टक्क्याचं भाषण ठोकलं. एका बाईंनी पिशवीतलं व्हिनेगर हळूच परत ठेवलं. दुसऱ्या म्हणाल्या, "तरीच! मग तेलाचं काय?" तिसऱ्यांनी तर साबणाचा वास घेऊन बघितला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "तीस वर्षांत मला कुणी असं बोललं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी फळीवरची नवी बाटली काढून फोडली. "इथंच तपासा. सगळ्यांसमोर!"

"खारूताई, घरून सामान आण!"

ती पळत जाऊन सगळं घेऊन आली. घाईघाईत मी घरी घेतलं तेवढंच व्हिनेगर बाटलीतून थेट पेल्यात ओतलं. गुलाबी. सोडा सोडला. गुलाबी! सिरिंज संपली, पुन्हा भरली. गुलाबीच! आणखी भरली. आता पेल्यातून फेस उतू जाऊन काकांच्या लाडक्या तराजूवर चढायला लागला, तरी रंग काही हलेना! सगळी गर्दी माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. शेवटी एकदाचा निळा रंग आला तेव्हा सोड्याची बरणी जवळजवळ रिकामी झाली होती.

मी घाम पुसला. "हे व्हिनेगर चांगलं आहे," मी म्हणालो. "म्हणजे काकांनी नेमकी मलाच भेसळीची बाटली दिली!"

खारूताई मघापासून एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडेमोड करत होती. तिने तोंडातली पेन्सिल काढली. "मामा, इथे सोडा दहापट लागला. बरोबर दहापट."

"मग?"

"मग घरी ते नऊ भाग पाणी आपणच घातलं होतं ना? उत्तराला दहाने गुणायला आपण विसरलो. अर्धा गुणिले दहा, पाच टक्के!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकांची माफी मागितली, गर्दीसमोर, अगदी खणखणीत आवाजात. मग तराजू पुसून दिला. काकांनी तो उजेडात धरून तपासला आणि एका कोपऱ्यात पुन्हा पुसायला लावला.

घरी आल्यावर बायको पुन्हा "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खारूताई उड्या मारतच आली. "मामा, पास! गणित बरोबर आलं! तोंडी परीक्षेत तर पैकीच्या पैकी!"

"बघ! शेवटी मामाचीच शिकवणी कामाला आली!" माझी छाती पुन्हा फुगू लागली. "काय विचारलं?"

"मॅडमनी विचारलं, व्हिनेगर पातळ केल्यावर दहाने गुणायचं राहिलं तर काय होतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मामाला तराजू पुसावा लागतो."